रिकाम्या रायफलीचा धक्का

प्रश्न असा आहे. विचारणारे मूळचे सांगलीकडचे, सध्या नामिबियात खाणीवर नोकरीला. तिथल्या एका शेतमालकाशी मैत्री झाली, त्याच्याबरोबर दोन-तीन हंगाम शिकारीला गेले, परवान्याचे सोपस्कार झाले आणि गेल्या वर्षी त्यांनी स्वतःची पहिलीच रायफल घेतली ती थेट .३७५ एच अँड एच मॅग्नम (आकडा म्हणजे बोर, नळीचा व्यास इंचात). ‘घ्यायचीच तर मोठी घ्या’ असं कुणीतरी सांगितलं होतं. रेंजवर टेबलापाशी बसून एका दुपारी त्यांनी पंचवीस काडतुसं संपवली. खांदा आठ दिवस काळानिळा. स्कोपच्या, म्हणजे वरच्या दुर्बिणीच्या, कडेने उजव्या भुवईवर चंद्रकोर कोरली, टाके पडले. आता शंभर मीटरवर पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरतात, बहुतेक खाली. ते विचारतात: मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, वायू वळवणारा भोकांचा तुकडा) बसवू, जाड रबरी पॅड लावू, की ही बया विकूनच टाकू?

ब्रेक नको. पॅड लावा, पण एकट्या पॅडने काही होणार नाही. आणि विकायचीच असेल तर दोन महिने थांबा, कारण आज रायफल विकलीत तर रायफल जाईल, बिघाड तुमच्याकडेच राहील.

मी मूळचा कोल्हापूरचा, बावीस वर्षं दक्षिण आफ्रिकेत आहे. त्यातली बरीचशी वर्षं रायफलींचे दस्ते (खांद्याला टेकतो तो लाकडी भाग) कापण्या-तासण्यात आणि दर शनिवारी रेंजवर कुणाच्या ना कुणाच्या खांद्याशी उभं राहण्यात गेली. (भारतातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. मी लिहितोय ते जिथे परवान्याने चालतं तिथलं.)

आधी धक्का किती असतो ते बघू, म्हणजे उगाच बाऊ नको आणि उगाच मर्दुमकीही नको. तुमच्या .३७५ मधून ३०० ग्रेनची, म्हणजे १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने जाते. तिच्यामागून साडेचार ग्रॅमच्या आसपास दारू वायू होऊन त्याहून जोरात, १,२०० मीटरच्या घरात, बाहेर पडते. या दोघांचा मिळून जेवढा रेटा पुढे, तेवढाच मागे. स्कोपसकट साडेचार किलो भरणारी रायफल त्या रेट्याने सेकंदाला साडेचार मीटरने तुमच्याकडे येते. ऊर्जा ४५ ज्यूलच्या थोडी पुढे. डोळ्यांसमोर आणायचं तर आडवे पडा आणि कुणालातरी ती रायफल मीटरभर उंचीवरून दस्त्याच्या बाजूने तुमच्या खांद्यावर सोडायला सांगा. (सांगू नका.) .३०-०६ या लहान मापात हाच आकडा २७ ज्यूलच्या आसपास येतो. .४१६ रिग्बीत ७५ च्या पुढे. .४५८ लॉट नव्वदी ओलांडते, म्हणजे तीच रायफल दोन मीटरवरून. तुम्ही जिथे उभे आहात ती पायरी मधली आहे. सरावाने बहुतेकांना जमते. चाळीस किलो वजनाच्या एका बाईंना मी .३७५ नीट चालवताना पाहिलंय आणि सव्वाशे किलोच्या माणसाला तिच्यापुढे हात टेकताना.

या हिशेबातली एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला कागदावर काढून दाखवतो. गोळी नळीतून बाहेर पडायला एक-सव्वा मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते ती फक्त तीन मिलिमीटर. तुमचा खांदा मागे ढकलला जातो, डोकं हलतं, नळी वर उडते, ते जवळजवळ सगळं गोळी निघून गेल्यावर. माणसाला कशावरही प्रतिक्रिया द्यायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा लागतो. म्हणजे ‘धक्का बसला म्हणून नेम चुकला’ हे घडूच शकत नाही. गोळ्या खाली जातायत, त्याअर्थी तुम्ही धक्क्याच्या आधीच काहीतरी करताय. त्याला आम्ही इथे फ्लिंच म्हणतो; मराठीत सरळ ‘बिचकणं’ म्हणा. पापण्या मिटतात, खांदा पुढे जाऊन धक्क्याशी टक्कर घ्यायला बघतो, आणि ‘एकदाचं उरकू दे’ म्हणून बोट चापाला हिसका देतं. हे तिन्ही एकदम.

एक दंतवैद्य माझ्याकडे आला होता. त्याचं म्हणणं, स्कोप बिघडलाय. दोन दुकानांतून तपासून आणला होता. मी म्हटलं, तू फक्त नेम धर, काडतूस मी भरतो. त्याच्या उजव्या हाताला उभा राहिलो, बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा खिट्टा) उघडला, त्याला दिसणार नाही असं काडतूस आत सरकवलं, बोल्ट बंद केला. बार झाला, गोळी खाली. दुसऱ्यांदा तेच केलं, पण या वेळी आत डमी, दारू नसलेलं खोटं काडतूस. त्याने श्वास सोडला, बोट चापावर नेलं आणि ‘टिक्’. नळीचं टोक चार बोटं खाली गेलं, खांदा पुढे आला, डोळे गच्च मिटलेले. रायफल रिकामी होती आणि तिचा धक्का त्याला पुरेपूर बसला होता. मागच्या बाकावरचे दोघे-तिघे हसले. तो हसला नाही. रायफल खाली ठेवून म्हणाला, म्हणजे मी पेशंटसारखाच वागतोय, सुई टोचायच्या आधी ओरडणारा.

तुमचं पहिलं काम हेच. एखाद्या मित्राला बाजूला उभं करा आणि खरं-डमी मिसळून दहा वेळा करा. दहापैकी सात डमी असू द्या. फोनवर नळीच्या टोकाचा व्हिडिओ घ्या; स्वतःला पटायला तो लागतोच, कारण बिचकणाऱ्याला आपण बिचकतोय हे कधीच कळत नाही, डोळे मिटलेले असतात ना. डमी आली आणि नळी जागच्या जागी राहिली, असं सलग पाच वेळा झालं की मग पुढचं बोलू. डमी काडतुसं वेगळ्या रंगाची घ्या, खऱ्याच्या डब्यात कधीही ठेवू नका, आणि ‘रिकामी आहे’ असं समजूनही नळी निशाणाकडेच हवी.

त्याआधी एक गोष्ट तपासा, ती मी विसरलो तर माझीच बदनामी होईल. रायफलीचे स्क्रू. .३७५ ने पंचवीस बार काढल्यावर स्कोपच्या रिंगा सैल होणं अजिबात नवलाचं नाही. दस्त्याला धरणारे दोन मोठे स्क्रू घट्ट आहेत का, बोल्टच्या मागे लाकडाला केसासारखी चीर गेलेली नाही ना, ते उजेडात बघा. मोठ्या बोरच्या लाकडी दस्त्यात आडवे बोल्ट घातलेले असतात ते शोभेचे नव्हेत, धक्क्याने लाकूड उभं फाटू नये म्हणून असतात. हे सगळं ठीक असेल तर दोष माणसात.

आता खांद्याचं. ‘काळानिळा झाला’ एवढंच लिहिलंत, कुठे ते लिहिलं नाहीत. मला तेच हवं असतं. डाग बघितला की चूक सांगता येते, वैद्याने जीभ बघावी तसं. डाग दंडाच्या वरच्या गोळ्यावर असेल तर दस्ता फार बाहेर टेकतोय; बहुतेकदा दस्ता लांब असतो म्हणून माणूस तो बाहेर ढकलतो. डाग गळ्याजवळच्या हाडावर असेल तर फार आत आणि फार वर. त्या हाडाला मांस नसतं, ते मोडल्याचीही उदाहरणं आहेत. गालाच्या हाडावर लाली असेल तर दस्त्याचा वरचा काठ गालाला लागतोय. उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं असेल तर चापाच्या कड्याने ठोकलंय, म्हणजे पकड ढिली. आणि अंगठ्याने नाक फोडलं असेल तर अंगठा पकडीवरून आडवा टाकलेला.

हे शेवटचं मी स्वतः केलेलं आहे. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी. वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेली .४५८ होती, दस्ता आखूड, ती तपासून बघायची होती. लहानपणी एनसीसीत .२२ चालवलेली, तेवढ्या भांडवलावर मी तिला उभ्या-उभ्या, कोपर खाली सोडून, अंगठा वरून आडवा टाकून उडवली. नखानेच नाक फुटलं. मालक म्हातारा बोअर (इथला डच वंशाचा) होता, फार बोलायचा नाही. त्याने पुसायला कापूस दिला आणि .४५८ काढून घेऊन हातात .२२ दिली. पुढचा महिनाभर .२२ च.

दस्ता कुठे टेकवायचा? उजवं कोपर जमिनीला समांतर होईपर्यंत उचला. खांद्याच्या सांध्याच्या आतल्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या खाली एक खळगा तयार होतो. डाव्या हाताच्या बोटांनी चाचपून बघा, मऊ लागेल. दस्ता तिथे. नुसता टेकवायचा नाही, रुतवायचा. दुखेल म्हणून लोक दोन बोटं फट ठेवतात, आणि त्या फटीमुळेच रायफलीला पळत येऊन मारायला जागा मिळते. उजव्या हाताने पकड खांद्याकडे ओढून धरा, डाव्या हातानेही पुढचं लाकूड मागे ओढा. घट्ट म्हणजे थरथर सुटेल इतकं नव्हे. नळाची चावी बंद करताना हात जितका आवळतो तितकं.

उभं राहण्याची पद्धत तालमीत शिकवतात तोच पवित्रा. डावा पाय पुढे, गुडघे किंचित मोकळे, छाती जराशी पुढे, भार पुढच्या पायावर. धक्का आला की कंबरेपासून वर सगळं अंग एकत्र मागे जाऊ द्या आणि पुन्हा पुढे या. झेल घेताना आपण हात ताठ ठेवत नाही, चेंडूबरोबर मागे नेतो, तसंच. फरक एवढाच की इथे चेंडू आधीच हातात असतो. लव्हाळ्यासारखं वाकायचं, पण मुळं हलवायची नाहीत.

यावरून तुमची सगळ्यात मोठी चूक कळेल: टेबल. टेबलापाशी बसल्यावर छाती टेबलाला टेकते, कोपरं रुतलेली असतात, अंगाला मागे जायला जागाच नसते. सगळा धक्का खांद्याच्या खळग्यात जिरतो. टेबल फक्त स्कोप जुळवण्यापुरतं, आणि तेही तीन-चार गोळ्यांत. त्या वेळी खांदा आणि दस्त्याच्या मध्ये शिशाच्या छर्‍यांची किंवा वाळूची लहान पिशवी दाबून धरा. वजन वाढतं, धक्का पसरतो. लोक लोखंडी घसरगाडी वापरतात, तीत पन्नास किलोची वजनं रचून रायफल अडकवतात. मी लाकडी दस्त्याला ती लावू देत नाही. रायफलीला मागे जायलाच जागा ठेवली नाही तर धक्का माणसाऐवजी लाकूड खातं, आणि तसे फुटलेले दस्ते माझ्याकडे चिकटवायला येतात. पालथं झोपून तर .३७५ चालवूच नका. त्यात गळ्याचं हाड थेट रेषेत येतं.

टेबल सुटलं की तीन काठ्यांची तिवई घ्या. नामिबियात तुमचा शेतमालक तीच वापरत असणार. उभं राहून, तिवईवर, पन्नास मीटरवर. शिकारीतही तुम्हाला बहुतेक वेळा असंच उभं राहून मारायचं असतं. टेबलावर सगळ्या गोळ्या एका इंचात बसवून कुणाचं कुडू (मोठं आफ्रिकी हरीण) पडत नाही. तिवईवर नळी टेकवू नका. डावा हात काठ्यांच्या बेचक्यात आणि त्या हातात रायफल. कडक जागेवर लाकूड नुसतं टेकवलं तर ते उसळतं आणि गोळी वर जाते.

डाव्या हाताचा विषय निघाला म्हणून. मोठ्या बोरच्या चांगल्या रायफलीत पट्ट्याची पुढची कडी लाकडावर नसून नळीवर पट्टी बसवून लावलेली असते. लोकांना ती जुनी इंग्रजी फॅशन वाटते. कारण साधं आहे: लाकडावर असेल तर धक्क्याच्या वेळी ती कडी डाव्या हाताच्या बोटांवर आदळते. तुमच्या रायफलीची कडी लाकडावर असेल तर शनिवारी पट्टा काढून ठेवा आणि हात तिच्या मागे धरा.

आता आवाज. यावर लोक पाचपट कमी बोलतात आणि माझ्या मते निम्मं बिचकणं आवाजाचं असतं. अशा रायफलीचा बार १६० डेसिबलच्या पुढे जातो. शरीराला कानाचा तडाखा आणि खांद्याचा तडाखा वेगळे कळत नाहीत, दोन्ही मिळून एकच भीती बसते. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही घाला. हे केल्याकेल्या ‘आज हलकी वाटतेय’ असं म्हणणारी माणसं मी बघितली आहेत. रायफल तीच, काडतूस तेच.

म्हणूनच ब्रेक नको. मझल ब्रेक धक्का खरोखर कमी करतो, ते खोटं नाही. मागे येणाऱ्या रेट्यात पाव हिस्सा किंवा थोडा जास्त निव्वळ वायूचा असतो. ब्रेक तो वायू बाजूला आणि मागे वळवतो. पण तो वायू आणि त्याचा आवाज जातो कुठे? तुमच्याकडे आणि तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे. शिकारीत तुमच्या उजव्या खांद्याशी माग काढणारा असतो, डाव्या बाजूला गाईड, आणि जनावर समोर असताना त्यांनी कानात काही घातलेलं नसतं. इथले कितीतरी व्यावसायिक शिकारी ब्रेक लावलेली रायफल गाडीत चढूच देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. माझ्या ओळखीच्या एका झुलू मागकाढ्याला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. रेंजवर ब्रेक लावायचा आणि शिकारीला काढायचा, असाही मार्ग असतो. पण तेव्हा गोळी लागण्याची जागा बदलते, पुन्हा स्कोप जुळवा. नसती कटकट.

वजन मात्र जरूर वाढवा. रायफल जितकी जड तितकी ती मागे हळू येते, हे वरच्या हिशेबातच आलं. जुन्या लोकांचा उपाय तोच होता. ब्रिटिशांनी १९०७ च्या सुमारास भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोरच्या दारूगोळ्यावर बंदी घातली. बंडखोरांकडच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना तो वापरता येईल ही भीती होती. मग इंग्लंडच्या बंदूककारांनी .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी तिरपागडी मापं काढली, आणि आपल्या संस्थानिकांच्या शस्त्रागारांत जोडनळ्या (दोन नळ्यांच्या रायफली) गेल्या त्यांत ही मापं दिसतात. त्यातली .४७० ची जोडनळी पाच किलोच्या आसपास भरते. ५०० ग्रेनची गोळी, पण दस्ता सरळ, रुंद, अंगावर मापून केलेला आणि वजन भरपूर. म्हणून ती ‘ढकलते’, ‘मारत’ नाही. आजकाल प्लॅस्टिकचा दस्ता लावून साडेतीन किलोची .३७५ विकतात, डोंगर चढायला हलकी म्हणून. ज्याने ती एकदा उडवली तो पुढचा डोंगर चढताना तिचाच विचार करत चढतो. तुमच्या दस्त्यात मागे भोक असेल तर पाऱ्याची नळी बसवून घ्या, नाहीतर शिशाचे छर्रे मेणात ओतले तरी चालतात. अडीचशे-तीनशे ग्रॅम पुरे. त्याहून जास्त झालं तर तोल मागे जातो.

पॅड: हो. पॅकमेअर डिसेलरेटर किंवा लिंबसेव्हर, कुठलाही चांगला चालेल. पण पॅड लावला की दस्त्याची लांबी वाढते, म्हणून आधी लाकूड कापावं लागतं, आणि इथेच लोक फसतात. लांबी मोजायची सोपी खूण: रायफल खांद्याला लावून गाल टेकवा, नाक आणि उजव्या अंगठ्याच्या बुडात दोन बोटं अंतर हवं. एकच बोट असेल तर नाकाला धोका; चार असतील तर तुम्ही मान ताणून स्कोपकडे सरकणार. कारखान्यातले दस्ते साधारण ३४-३५ सेंटीमीटरचे असतात, धिप्पाड माणूस धरून. आपल्या मध्यम बांध्याला ते पुष्कळदा सेंटीमीटरभर लांब होतात. माझा अंदाज, तुमचा लांबच आहे. तुमच्या भुवईची चंद्रकोर तेच सांगते. नामिबियात जूनच्या पहाटे जाड जॅकेट आणि अकरा वाजता नुसता शर्ट, हेही धरा. मी दोन्ही कपड्यांत मोजतो आणि जॅकेटकडे झुकतं माप देतो. हे काम दस्त्याच्या कारागिराकडे जाऊनच करा. घरच्या करवतीने कापलेले दस्ते मी ओळखतो, कड कधीच काटकोनात नसते.

भुवईबद्दल. .३७५ वरच्या स्कोपला डोळ्यापासून किमान नऊ-दहा सेंटीमीटर अंतर हवं, आणि ते अंतर उभं राहून, नेहमीसारखा गाल टेकवून मोजायचं. टेबलावर मोजलं की चुकतं, कारण टेबलावर माणूस पुढे झुकतो. चढावर बसून वरच्या दिशेने मारताना डोकं आणखी पुढे जातं. चंद्रकोरी तिथे जास्त पडतात. स्कोप मोठेपणासाठी घेऊ नका. दीडपट-दोनपटपासून सुरू होणारा लहान स्कोप पुरे, त्यात डोळ्याला अंतरही जास्त मिळतं. आणि टाके नीट भरेपर्यंत बार काढू नका. डोळ्याची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झाली असेल, त्या बाजूला पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

सराव कसा करायचा? कमी. तुम्ही एका दुपारी पंचवीस काढलेत. मी बावीस वर्षांनंतरही एका दिवसात .३७५ ची आठ-दहाच्या पुढे जात नाही, आणि नवख्याला तीनवर थांबवतो. तिसऱ्यानंतर शरीर हिशेब ठेवायला लागतं. रोज घरी, रिकाम्या रायफलीवर, भिंतीवरच्या ठिपक्यावर वीस वेळा चाप. चाप ‘ओढू’ नका, लिंबू पिळताना जसा दाब वाढत जातो तसा वाढवत न्या, आणि कधी सुटला ते कळू देऊ नका. रेंजवर आधी .२२ ची पन्नास काडतुसं. मग .३०-०६ ची दहा, कुणाचीतरी मागून आणा. मग .३७५ ची तीन. आणि मग शेवटी पुन्हा .२२ ची दहा; हे विसरू नका, कारण मेंदू घरी जाताना शेवटची आठवण घेऊन जातो.

.२२ ला धक्का नाहीच, मग तिचा उपयोग काय, असं वाटेल. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य आणलं, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, ते .२२ वरच. या दर्जाचे नेमबाज बार झाल्यावर काय करतात ते बघा. काहीच करत नाहीत. डोळा उघडा, गाल जागेवर, बोट चापावर दाबलेलं, एक-दोन सेकंद. गोळी गेली तरी नेम चालूच. .३७५ लाही तेच लागतं, फक्त मध्ये भूकंप होतो. प्रत्येक बारानंतर कागद बघायच्या आधी मोठ्याने सांगा, ‘खाली डावीकडे’, ‘मध्यावर’. सांगता आलं म्हणजे त्या क्षणी डोळे उघडे होते.

हलकी काडतुसं करावीत का? .३७५ ला २३५ आणि २७० ग्रेनच्या गोळ्या मिळतात. २३५ ने थोडा फरक पडतो, फार नाही. इथे बरेच जण घरी काडतुसं भरतात आणि शिशाची ओतीव गोळी, कमी दारू अशी सरावाची काडतुसं करतात, ती फार गोड चालतात. पण दारू मनाने कमी करू नका. सावकाश जळणाऱ्या दारूचं माप नको तितकं घटवलं तर दाब कमी होण्याऐवजी भलताच वाढू शकतो. कारखान्याने छापलेल्या तक्त्यात जे आहे तेवढंच. .४५८ लॉटवाल्यांची एक सोय असते: तिच्यात .४५८ विंचेस्टर मॅग्नमची काडतुसं चालतात, सरावाला ती वापरतात.

आता जो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. कशासाठी हवीय .३७५? नामिबियाच्या नियमात कुडू, ऑरिक्स, इलँड यांना नळीच्या तोंडाशी २,७०० ज्यूल लागतात. रानरेडा, हत्ती यांना ५,४०० ज्यूल आणि किमान .३७५ चा बोर. .३०-०६ ची साधी १८० ग्रेनची गोळी ३,९०० ज्यूलच्या घरात असते. म्हणजे तुम्ही जी जनावरं मारायला जाता त्यांना .३०-०६ पुरून उरते. जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जी रिग्बी रायफल भेट मिळाली ती .२७५ ची होती, धक्का न जाणवणारी, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याने ती वापरली. गोळी कुठे लागते यावर सगळं आहे. .३७५ ने बिचकून पोटात मारलेलं कुडू दोन दिवस झुडपात फिरतं. मी मागावर गेलेलो आहे, मला ते पुन्हा बघायचं नाही. रेड्याची शिकार डोक्यात असेल तर .३७५ ठेवा आणि दोन हंगाम तिच्यावर काढा. नसेल तर शेजाऱ्याची .३०-०६ मागून न्या आणि बाकीच्यांनी काय म्हणायचं ते म्हणू दे.

ठेवायची ठरवलीत तर एक जास्तीची सवय लावा: बार झाल्याबरोबर, रायफल खांद्यावरच ठेवून, बोल्ट मागे-पुढे. सगळेच म्हणतात की जनावर समोर असताना धक्का जाणवत नाही. खरंय, जाणवत नाही. पण बिचकण्याची सवय जाणवल्याशिवायही आपलं काम करते, आणि रेड्याला दुसरी गोळी लागतेच असं धरून चालावं. पहिल्या बारानंतर जो माणूस रायफल खाली घेऊन खांदा चोळतो तो दुसरीला उशीर करतो.

सध्या तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. खांद्यावरचा डाग नेमका कुठे होता, नाक आणि अंगठ्यात किती बोटं बसतात, आणि उभं राहून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावल्यावर डोळे उघडताच स्कोपमध्ये काळी कड दिसते का पूर्ण गोल. शेवटचं दोन वेळा करा, एकदा जॅकेट घालून. दस्ता कापायचा की स्कोप पुढे सरकवायचा, ते त्यावरून ठरवू. तोपर्यंत करवतीला हात लावू नका.